मोहापासून सोडवणारे गाडगेबाबा

रिद्धपूर म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते गोविंदप्रभू आणि त्यांच्या पाठोपाठ लीळाचरित्राचे कर्ते म्हाइंभट. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे गाव महानुभावांची काशी मानले जाते. मराठी गद्याची पहिली पाने तेराव्या शतकात याच मातीत लिहिली गेली. मराठी भाषेचे विद्यापीठही आता इथेच आले आहे. पण रिद्धपूरची आणखी एक ओळख आहे आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. महानुभाव पंथाचा उपदेश ज्याने घेतला त्याने मद्य आणि मांस सोडायचे, हा दंडक इथे शतकानुशतके पाळला गेला. ज्या घरात उपदेश आला त्या घरातून दारूचे मडके बाहेर गेले.

हा दंडक मात्र पंथापुरता होता. पंथाबाहेरच्या वऱ्हाडात, विशेषतः कष्टकरी जातींमध्ये, दारू देवाच्या नैवेद्यात होती, बारशात होती, लग्नात होती आणि तेराव्यातही होती. तिला तिथून हलवण्यासाठी पोथी उपयोगाची नव्हती. त्यासाठी त्याच घरातून उठलेला आणि तिची झळ अंगावर सोसलेला माणूस हवा होता. रिद्धपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, तर पश्चिमेकडे अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव. त्या शेंडगावात 23 फेब्रुवारी 1876 रोजी एका परटाच्या घरी असा माणूस जन्माला आला. वडिलांचे नाव झिंगराजी जानोरकर, आईचे सखूबाई. मुलाचे नाव ठेवले डेबूजी. पुढे उभा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला.

गाडगेबाबा म्हटले की खराटा आठवतो, स्वच्छता आठवते. पण बाबांच्या आयुष्याची सुरुवात खराट्याने झालेली नाही. ती झाली बापाच्या व्यसनाने. म्हणून आज त्यांचे चरित्र थोडे वेगळ्या बाजूने, त्या दारूच्या बाजूने पाहू.

मोहाचे झाड आणि भट्टी

आधी ही दारू कोणती ते समजून घेतले पाहिजे. वऱ्हाडाच्या उत्तरेला मेळघाटाचे डोंगर आहेत आणि त्या डोंगरात मोहाची झाडे आहेत. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी मोहाची मांसल, पिवळसर फुले टपटप खाली पडतात. बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात आणि उन्हात वाळवतात. या फुलांत साखर भरपूर असते. दुष्काळाच्या दिवसांत अनेक घरांनी हीच फुले शिजवून पोट भरले आहे, बियांचे तेल दिव्याला आणि जेवणाला वापरले आहे. आदिवासींसाठी मोह हा देववृक्ष आहे तो उगाच नाही.

तीच वाळलेली फुले मडक्यात पाणी घालून काही दिवस भिजत ठेवली की आंबतात. हाच सडवा. हवेतले आणि फुलांवरचे सूक्ष्म किण्व साखर खातात आणि तिचे मद्य करतात. पण नुसते आंबवून द्रव फार कडक होत नाही. मद्याचे प्रमाण शेकडा 15 च्या आसपास गेले की किण्वच निकामी होते. ताडी, साके, द्राक्षाची वाइन ही सगळी मंडळी या मर्यादेच्या आत-बाहेर थांबतात. पुढचे काम भट्टी करते. मद्य उकळते सुमारे 78 अंशांवर, पाणी 100 वर. म्हणून सडवा तापवला की वाफेत मद्याचा अंश अधिक येतो. ती वाफ नळीतून नेऊन, वरून गार पाणी ओतून थंड केली की थेंब-थेंब दारू गळते. पहिल्या धारेची, हा शब्द आपल्या बोलीत तिथूनच आला. भट्टी म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. दोन मडकी, एक नळी, थोडे सरपण आणि जवळ वाहते पाणी असले की झाले.

जगात जिथे जिथे माणसाला ही युक्ती साधली तिथे तिथे त्याने हाताशी असलेल्या पिकाचीच दारू गाळली. जपानचे उदाहरण घ्या. जपान म्हणजे साके असे आपण समजतो, पण साके गाळलेली नसते, ती तांदूळ आंबवून केलेली असते. जपानची गाळलेली दारू म्हणजे शोचू. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर, कागोशिमा भागात, जमीन ज्वालामुखीच्या राखेची. तिथे भात नीट येत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी तिथे रताळे आले, रुजले आणि लोक रताळ्याची शोचू गाळू लागले. कुठे ती जवापासून करतात, कुठे तांदळापासून. त्याहून दक्षिणेला ओकिनावा बेटांवर आवामोरी नावाची तांदळाची दारू होते. ती मडक्यांत वर्षानुवर्षे मुरवतात. तीन वर्षांहून अधिक मुरलेलीला तिथे वेगळा मान आहे.

रताळे आणि तांदूळ यांत मुख्यतः पिष्ट असते. त्याची साखर करण्यासाठी जपानी लोक कोजी नावाची बुरशी धान्यावर वाढवतात. हे काम नाजूक, अनुभवाचे आणि वेळखाऊ असते. आपल्या मोहाला यातले काहीच लागत नाही. साखर फुलातच तयार असते. म्हणून मोहाची दारू ही जगातल्या सर्वांत सोप्या दारूंपैकी एक. झाड जंगलात, फूल फुकट, मडके घरात. सोपेपणा हे तिचे वैशिष्ट्य आणि गरिबाच्या दृष्टीने तोच तिचा धोका.

झिंगराजीचे घर

झिंगराजीच्या तरुणपणी वऱ्हाड बदलत होते. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, बाजार वाढले, हातात रोख पैसा खेळू लागला. युद्ध संपले, भाव कोसळले. पैसा गेला, पण पैशाबरोबर आलेले सावकार आणि दारूचे गुत्ते राहिले. दारू गाळण्या-विकण्याचे हक्क सरकार लिलावाने देई. जितकी दारू खपेल तितका अबकारीचा महसूल अधिक, असा तो हिशेब होता. घरी गाळली तर गुन्हा आणि गुत्त्यावर घेतली तर महसूल! मुंबई इलाख्यात तर 1892 मध्ये मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदाच झाला. गंमत म्हणजे जपान सरकारनेही 1899 मध्ये घरगुती मद्य करण्यावर बंदी घातली आणि मद्यावरचा कर हा तिजोरीचा मोठा आधार बनवला. गरिबाच्या पेल्यावर सरकारे चालतात, ही गोष्ट तेव्हा पूर्वेकडेही खरी होती आणि इथेही.

झिंगराजी मुळात कष्टाळू, घर खाऊन-पिऊन सुखी. परंतु जातीत दारूशिवाय पान हलत नसे. देवाला बोकड कापायचा, दारूचा नैवेद्य दाखवायचा आणि मग प्रसाद म्हणून सगळ्यांनी प्यायची. नको म्हणणारा माणूस देवाचाही अपराधी आणि जातीचाही. प्रसाद म्हणून ओठाला लागलेली दारू झिंगराजीच्या गळ्यात पडली. हळूहळू घरदार गेले, शेत गेले, शेवटी शरीर गेले. अखेरच्या दिवसांत त्याला पश्चात्ताप झाला आणि पोराला या वाटेपासून दूर ठेव असे त्याने सखूबाईला विनवले, अशी हकीकत बाबांच्या चरित्रांतून सांगितली जाते. 1884 मध्ये तो गेला. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा.

दारू पिणारा मरतो तेव्हा त्याची गोष्ट संपते, घराची सुरू होते. सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी भाऊ चंद्रभानजीकडे आली. भावाच्या घरी राहणारी विधवा बहीण आणि तिचे पोर यांची स्थिती काय असते ते सांगायला नको. डेबूजी गुरे राखू लागला, पुढे औत धरू लागला. शाळा त्याला दिसलीच नाही. गुराख्यांची पोरे जमवून भजन करायचे, नदीवर गुरे धुवायची, हेच त्याचे शिक्षण.

तिथेही संकटाने पाठ सोडली नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. हिशेब लिहिणारा तोच, वाचणारा तोच. निरक्षर कुळाने फेडलेले पैसे वहीत कुठे जमा होतात हे कुळाला कधीच कळत नसे. चंद्रभानजी त्याच धक्क्याने खचून गेला. जमिनीचा ताबा घ्यायला सावकाराची माणसे आली तेव्हा तरुण डेबूजी शेतात पाय रोवून उभा राहिला आणि त्यांना मागे फिरावे लागले. पुढे तडजोड झाली आणि काही जमीन हाती आली. या दोन प्रसंगांनी बाबांच्या आयुष्याचे दोन धडे ठरले. दारूने बाप गेला आणि अक्षर न आल्याने मामाची जमीन गेली. पुढची पन्नास वर्षे त्यांनी गावोगाव हेच दोन धडे सांगितले.

बारशाचे जेवण

1892 मध्ये डेबूजीचे कुंताबाईशी लग्न झाले. काही वर्षांनी मुलगी झाली आणि बारसे ठरले. भाऊबंद जमले. मटण शिजेल, दारूची मडकी येतील, अशी सगळ्यांची खात्री होती, कारण तोच रिवाज होता. डेबूजीने पंगतीत गोडाचे जेवण वाढले. दारू नाही, मांस नाही. पाहुणे चिडले, कुजबुज झाली, जातीचा अपमान झाला असे बोलले गेले. कुणी देवाच्या कोपाची भीती घातली. डेबूजी हटला नाही.

इथे जपानमधली एक हकीकत आठवते. कागोशिमाच्या एका देवळात दुरुस्तीच्या वेळी छताच्या लाकडात एक लिहिलेली फळी सापडली. 1559 सालच्या सुतारांनी तिच्यावर तक्रार लिहून ठेवली होती की देवळाचा मुख्य फार चिक्कू, त्याने आम्हाला एकदाही शोचू पाजली नाही. शोचूचा तो सर्वांत जुना लेखी उल्लेख मानतात. तक्रार गमतीची आहे, पण ती एक मोठी गोष्ट सांगते. दारू न पाजणारा यजमान हा कंजूष किंवा माणूसघाणा ठरतो, हे जगभर सारखेच आहे. साडेतीनशे वर्षांनंतर वऱ्हाडातल्या एका गरीब परटाने तो शिक्का जाणूनबुजून कपाळावर घेतला. त्या सुतारांना फळीवर लिहिता आले, डेबूजीच्या पाहुण्यांनी तोंडावर सुनावले, एवढाच फरक. आज आपल्याला ते बारसे साधे वाटते. परंतु ज्याला त्याच जातीत मुलीचे लग्न करायचे आहे, ज्याच्या पाठीशी पैसा नाही की शिक्षण नाही, अशा माणसाने भरल्या पंगतीत रिवाज मोडणे ही साधी गोष्ट नव्हती. बाबांची पहिली सुधारणा ती. तिला ना सभा, ना भाषण. स्वतःच्या घरच्या पंगतीतच ती झाली.

गाडगे घेऊन निघाले

1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटे, वयाच्या 29 व्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. त्याच गाडग्यात भाकरी मागायची, त्यातच खायची, तेच पाणी प्यायला. लोकांनी त्यांना त्या गाडग्याचेच नाव दिले. कुंताबाई आणि पोरे मागे राहिली. संताच्या घरच्यांना संतपणाची किती किंमत द्यावी लागते, हा प्रश्न बाबांच्या चरित्रात वारंवार समोर येतो. त्याचे सोपे उत्तर नाही. बाबांनी लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांतला एक घासही स्वतःच्या कुटुंबाला लागू दिला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. 1923 मध्ये मुलगा गोविंदा गेला. ती बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मिळाली आणि कीर्तन त्यांनी पुढे चालू ठेवले.

पहिली मोठी कामे झाली ती पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. लोक चिखलातून घसरत नदीत उतरत. बाबांनी स्वतः फावडे घेतले आणि लोकांना हाताशी धरून घाट बांधला. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. या नावाच्या गावी बाबांनी लोकांना सांगितले ते हेच. नवसाने कर्ज फिटत नाही. बोकड, दारू आणि देवाच्या नावाने होणारी उधळण थांबवली, तर मात्र फिटते.

दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. बाबांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत चाले आणि प्रश्नोत्तरांचे असे. ते प्रश्न टाकीत, समोरची हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत. दारू प्याल्याने कुणाचे भले झाले, घर कुणाचे वाढले, पोर कुणाचे शिकले, असे एकेक विचारत ते श्रोत्यालाच साक्षीदार करीत. दारुड्याची नक्कल करून हसवीत आणि हसता हसता माणूस गप्प होई, कारण नक्कल त्याच्याच घरची असे. उत्तर ऐकणाऱ्याच्या तोंडून निघाले की त्याला ते नाकारता येत नाही, ही खूण या अक्षरशत्रू माणसाने नेमकी ओळखली होती. बापाच्या पेल्याविषयी त्यांना वाचून काही समजायचे नव्हते. ते त्यांनी पाहिलेले होते.

नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. दारू सुटली तर वाचलेला पैसा कुठे लावायचा तेही ते सांगत. पोराला शाळेत घाला, जेवणाचे ताट मोडा पण पोराचे शिक्षण मोडू नका, कर्ज काढून लग्न करू नका, हा त्यांचा हिशेब होता. पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा, अशी कामे उभी राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. 8 फेब्रुवारी 1952 रोजी सगळ्या कामाची व्यवस्था लावण्यासाठी श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. स्वतः बाबांनी कुणाला शिष्य केले नाही, पाया पडू दिले नाही, दक्षिणा घेतली नाही.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्या नदी-नाल्यांच्या काठी भट्ट्या लागत, त्याच वऱ्हाडी मुलखात ते गेले. त्यांची समाधी अमरावतीत आहे. 2000-01 पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि 2005 मध्ये अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. ज्याने शाळेची पायरी पाहिली नाही त्याच्या नावाच्या पदव्या आज वऱ्हाडातली मुले-मुली घेतात.

आजच्या घरासाठी

बाबा गेल्यावर दारू काही गेली नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरने 2015 मध्ये बंदी पाहिली आणि 2021 मध्ये ती उठलेलीही पाहिली. दुसऱ्या बाजूला मोहाच्या दारूकडे आता वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने तिला वारसा मद्य म्हणून बाटलीत भरायला सुरुवात केली. जपानी लोकांना शोचूचा अभिमान आहे, गोव्याला फेणीचा आहे, मग आदिवासींच्या मोहाने काय घोडे मारले, असा प्रश्न विचारला जातो. तो अगदीच चुकीचा नाही. मोहाचे फूल दोषी नाही आणि डोंगरातल्या माणसाच्या सणाला नावे ठेवण्याचा शहरात बसून बाटल्या उघडणाऱ्याला अधिकारही नाही.

परंतु बाबांचा मुद्दा फुलाचा नव्हता, घराचा होता. कुणाच्या पेल्याची किंमत कोण मोजतो, एवढेच ते विचारीत. झिंगराजीचा पेला सखूबाईने मोजला, आठ वर्षांच्या डेबूजीने मोजला. नवसागर आणि सडका गूळ घातलेली हातभट्टीची दारू असो की रंगीत लेबलाची बाटली असो, हा हिशेब बदललेला नाही. आपल्या राज्यात गावातल्या बायका मतदान करून दारूचे दुकान बंद पाडू शकतात. मतपत्रिकेवरची आडवी बाटली अनेक गावांनी निवडून आणली आहे. त्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांत कितीतरी सखूबाई असतात.

आपल्या घरातल्या बारशा-लग्नांत, जावयाच्या आणि मित्रांच्या पाहुणचारात, घेत नाही म्हणणाऱ्याला आजही आग्रह होतो, टोमणे बसतात. पुढच्या वेळी असा कुणी आपल्या पंगतीत आला तर त्याला आग्रह करू नये आणि त्याच्या ताटात गोडाचे वाढावे. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशात तेवढेच केले होते.